भाऊसाहेब पुट अप करतात

भाऊसाहेबांना इंग्रजी येतं असं कोणी म्हटलं असतं तर ते स्वतःच हसले असते. त्यांना इंग्रजीतलं एकच क्रियापद येत होतं. पण ते असं पक्कं येत होतं की बाकीच्यांवाचून त्यांचं कधी अडलं नाही. ते क्रियापद म्हणजे पुट अप.

नव्वदच्या दशकात मी बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात कारकून म्हणून लागले. मी सांगलीकडची, बी.ए.ला इंग्रजी घेतलेली, त्यामुळे डोक्यात थोडी हवा होतीच. पहिल्याच दिवशी या गृहस्थांनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, माझ्या टेबलावर एक गलेलठ्ठ फाईल आणून ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, एवढं पुट अप करा." मी विचारात पडले. ठेवा म्हणतात, वर म्हणतात. वर कपाट होतं. मी स्टूल ओढलं आणि फाईल कपाटाच्या डोक्यावर नीट ठेवून दिली. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "पुट अप झालं?" मी म्हटलं, "हो, केव्हाच." ते खूश झाले. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमधून फाईलची विचारणा झाली तेव्हा जी धावपळ उडाली तिचं वर्णन मी करत नाही.

"मॅडम," शेवटी स्वतः स्टुलावर चढून फाईलवरची धूळ झटकत भाऊसाहेब म्हणाले, "वर म्हणजे कपाटावर नाही. वर म्हणजे साहेबांकडे. आपण फक्त सादर करायचं. पुढचं त्यांचं ते बघतील."

एवढं मला समजलं. पण तेच दोन शब्द दिवसभरात आणखी कुठून कुठून निघायचे आणि माझं समजलेलं पुन्हा विस्कटायचं. साहेबांना चहा पुट अप झाला का, असं ते शिपायाला विचारायचे. नवीन कॅलेंडर भिंतीवर पुट अप व्हायचं. नागपूरहून आलेले अधिकारी गेस्ट हाऊसवर पुट अप असायचे. खिडकीसमोरची बिल्डिंग अजून पुट अप होत होती आणि ती झाली की खाडीकडचा वारा बंद होणार म्हणून त्यांना वाईट वाटायचं. मोर्चा आला तर लोक मागण्या पुट अप करायचे. एखादा कारकून पोट धरून लवकर घरी गेला तर तो नाटक पुट अप करायचा. टायपिस्टबाईंच्या बहिणीला स्थळ आलं तेव्हा भाऊसाहेबांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "पत्रिका पुट अप केली का?" मी घरून आणलेली डिक्शनरी ड्रॉवरमध्ये लपवून चाळायचे. खरी चिडचिड याची व्हायची की यातले निम्मे अर्थ डिक्शनरीत सापडायचे.

आमच्याकडे एक नवा इंजिनिअर होता, जरा आगाऊ. त्याने एकदा भाऊसाहेबांना गाठलं. "भाऊसाहेब, त्या पुट अपच्या पुढे विथ लावलं ना, की अर्थच बदलतो. मग त्याचा अर्थ होतो सहन करणे."

 दुसऱ्या दिवशी दुपारी डबा उघडता उघडता भाऊसाहेबांनी आपणहून विषय काढला. "ते तुमचं विथ. मी रात्रभर विचार केला. अर्थ बदलत नाही हो. जो सादर करतो त्यालाच सहन करावं लागतं. इंग्रज हुशार होता."

दिसायला ते किडकिडीत होते. पांढरा बुशशर्ट, खिशाला शाईचा एक कायमचा डाग. फाईल बांधायच्या पांढऱ्या नाडीवर त्यांचं विलक्षण प्रेम होतं. डब्याला नाडी, छत्रीला नाडी, चष्म्याच्या तुटलेल्या काडीलाही नाडी. आणि सही मात्र अशी बारीक, की पानावर मुंगी चिरडली असावी असं वाटे. ही सही टिप्पणीच्या डाव्या कोपऱ्यात असायची. सरकारी कागदाची रीतच तशी आहे. मांडणारा डावीकडे खाली आपली आद्याक्षरं टेकवतो आणि ठरवणारा उजवीकडे पूर्ण सही करतो. भाऊसाहेब सगळी नोकरी डावीकडे राहिले. त्यांना त्याचं दुःख नव्हतं. उलट बढतीचा विषय निघाला की ते घाईघाईने पाणी प्यायला उठायचे.

एकदा मात्र ते अडकले. आमचे अधीक्षक रजेवर गेले आणि त्यांचा तात्पुरता कार्यभार भाऊसाहेबांकडे आला. सकाळी त्यांनी आपल्या खुर्चीत बसून नेहमीप्रमाणे टिप्पणी लिहिली, डावीकडे मुंगी चिरडली, फाईलला नाडी बांधली आणि शिपायाकरवी अधीक्षकांच्या टेबलावर पाठवली. मग स्वतः उठून अधीक्षकांच्या खुर्चीत जाऊन बसले. नाडी सोडली. स्वतःचीच टिप्पणी चष्मा लावून दोनदा वाचली. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. त्यांनी बराच वेळ पेन हवेत धरलं आणि शेवटी उजवीकडे लिहिलं, "चर्चा करावी." फाईल परत त्यांच्याच टेबलावर आली. भाऊसाहेब आपल्या खुर्चीत येऊन शेरा वाचत बसले. चेहरा घामेजलेला.

"आता हो, मॅडम?" त्यांनी मला हळूच विचारलं. "चर्चा कोणाशी करायची?"

आम्ही हसून हसून बेजार झालो. अधीक्षक रजेवरून परत येईपर्यंत ती फाईल त्या दोन खुर्च्यांमध्ये येरझाऱ्या घालत होती. तेव्हा आम्हाला ती गंमत वाटली.

मला राहायला जागा नव्हती. सुरुवातीला मावशीच्या दिराकडे कामोठ्याला होते, पण ते घर सोडावं लागलं आणि मी भाऊसाहेबांच्या टेबलापाशी रडकुंडीला येऊन उभी राहिले. ते म्हणाले, "मी पुट अप करतो तुम्हाला." मला वाटलं, माझा क्वार्टरचा अर्ज वर पाठवतील. संध्याकाळी पाहते तर त्यांनी माझी बॅग रिक्षात घातली होती आणि रिक्षा नेरूळला निघाली होती.

पहिल्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. मला जिन्यात उभं करून ते आत गेले. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं. आतमध्ये त्यांचा आवाज एकदम कार्यालयीन झाला. "एक मुलगी आहे. सांगलीकडची. आमच्याच कार्यालयात आहे. निवासाची अडचण आहे. वर्तणूक चांगली दिसते. आदेश व्हावेत."

"मंग तिला बाह्येर कशाला उबी केलीव?" आतून बाईचा आवाज आला. "ये गो पोरी आत. जेवलीस का?"

या वहिनी. दोघंही उरणकडची, खाडीकाठच्या शेजारशेजारच्या गावांतली. नव्या शहरासाठी जमिनी सरकारात गेल्या आणि त्या बदल्यात भाऊसाहेबांना नोकरी लागली. मूलबाळ नव्हतं. वहिनी उंच, धिप्पाड, तांदळाची भाकरी थापताना बांगड्यांचा असा आवाज करायच्या की खालच्या मजल्यावर कळावं. घरात सगळं त्याच ठरवायच्या. भाऊसाहेब घरात आगरी बोलायचे, गावच्या गप्पा मारायचे, वहिनींना हसवायचेही. पण काही ठरवायची वेळ आली की स्वयंपाकघराच्या दारात ताठ उभे राहायचे आणि त्यांची भाषा बदलायची. "पंखा नवीन घ्यावा किंवा जुना दुरुस्त करावा. दोन्ही पर्याय सादर आहेत." वहिनी पिठाचा हात न थांबवता म्हणायच्या, "दुरुस्त करा." लग्नाला जायचं की नाही, दाढ काढायची की नाही, शेजाऱ्याच्या टीव्हीच्या आवाजाबद्दल भांडायचं की नाही, सगळं त्या दारातून वर जायचं आणि त्या दारातूनच मंजूर किंवा नामंजूर होऊन खाली यायचं.

मी वहिनींना विचारलं होतं, तुम्हाला कंटाळा येत नाही का? त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "आपला मानूस देवमानूस हाय," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, कौतुक करतायत. आता तशी खात्री देता येत नाही.

भाऊसाहेब असे का झाले याबद्दल कार्यालयात दोन मतं होती. जुना शिपाई सांगायचा, तरुणपणी त्यांनी एका कागदावर स्वतःच्या जबाबदारीवर सही केली आणि चौकशी लागली, तेव्हापासून हात पोळले. टायपिस्टबाई म्हणायच्या, तसं काही नाही, त्यांच्या बापाने एका बैठकीत कोणाला न विचारता शेत देण्याच्या कागदावर अंगठा दिला आणि नंतर घरातल्या बायकांनी त्याला जन्मभर सुखाने जेवू दिलं नाही, ते या पोराने पाहिलं. मला दोन्ही पटायचं. एकदा धीर करून मी त्यांनाच विचारलं. ते छत्रीची नाडी सोडत म्हणाले, "ते प्रकरण अजून पुट अप झालेलं नाही, मॅडम." घरी ते मला पोरी म्हणायचे. तेव्हा आम्ही घरी होतो, तरी मॅडम म्हणाले.

हा माणूस भित्रा होता की नम्र, आळशी होता की शहाणा, हे मला कधीच नीट ठरवता आलं नाही. काही दिवस राग यायचा. मग एखाद्या सकाळी माझ्या डब्यालाही नाडी बांधून ठेवलेली दिसायची आणि राग कुठच्या कुठे जायचा.

वहिनी माहेरी गेल्या होत्या तेव्हाची गोष्ट. ओहोटीला बायकांबरोबर कालवं काढायला खडकावर गेल्या आणि कालवाच्या शिंपेने डाव्या तळपायाला कापलं. घरी आल्या तेव्हा हळद भरून फडकं बांधलेलं होतं. वहिनींना साखरेचा आजार होता आणि तो त्यांना मान्य नव्हता.

भाऊसाहेब दारात उभे राहिले. "पाय सुजलेला आहे. डॉक्टरांना दाखवणे उचित वाटते. आदेश व्हावेत."

"नको. कालवाचा घाव हाय, बसंल."

ते मागे फिरले. दोन दिवसांनी परत उभे राहिले. या वेळी आवाज जरा चढा होता. "प्रकरण पुन्हा सादर करत आहे. वास येतो आहे."

"नको बोलले ना."

"नामंजूर," ते मला हळूच म्हणाले, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, भाऊसाहेब, उचलून न्या ना त्यांना! ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी काहीतरी बेकायदेशीर बोलले होते. शेवटी बोटं काळी पडायला लागली तेव्हा मीच शेजारच्यांना बोलावलं आणि आम्ही वहिनींना वाशीच्या इस्पितळात नेलं.

डॉक्टरने पाय पाहिला आणि कदाचित कापावा लागेल असं सांगितलं. वहिनी शुद्धीवर होत्या. ताडकन उठून बसल्या. "पाय कापायचा नाय. दोन पायांवर नांदाला आले, दोन पायांवरच जाईन. मेले तरी चालंल." डॉक्टर भाऊसाहेबांकडे वळला. भाऊसाहेबांनी मान खाली घातली. आदेश स्पष्ट होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी तापाने बेशुद्ध झाल्या. डॉक्टर बाहेर आला. तो तरुण होता आणि घाईत होता. "काका, गुडघ्याखाली कापायला हवा. आत्ता. संध्याकाळपर्यंत विष अंगभर जाईल, मग मी काही करू शकणार नाही. सही द्या."

भाऊसाहेबांनी कागद घेतला. बाकावर बसले, मांडीवर ठेवला, आणि त्यांचा हात आपोआप खाली डाव्या कोपऱ्याकडे गेला. मी शेजारी होते, मला दिसत होतं. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, "मान्यतेस्तव सादर." खाली मुंगी चिरडली. आणि कागद नेऊन डॉक्टरच्या हातात दिला.

डॉक्टरने वाचलं. "हे काय? कोणाची मान्यता?"

"आपली," भाऊसाहेब म्हणाले.

"अहो काका, माझी नाही लागत! तुमची लागते. तुम्ही नवरा आहात ना?" त्याने नर्सला हाक मारली. "सिस्टर, यांना दुसरा कागद द्या."

नर्सने दिलेला नवा कागद घेऊन भाऊसाहेब इस्पितळाबाहेर पडले. मी मागोमाग. रस्त्यापलीकडच्या टेलिफोन बूथवरून त्यांनी उरणला वहिनींच्या थोरल्या भावाला फोन लावला. सगळी हकिकत क्रमाने सांगितली, एकही मुद्दा सोडला नाही. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी फोन ठेवला. "तो बोलतो, भावजी, तुमी सांगाल तसा." थोडं थांबून ते म्हणाले, "परत आलं."

मग ते वहिनींच्या खाटेपाशी गेले. पायथ्याशी ताठ उभे राहिले. भाषा तीच. "पाय काढणे आवश्यक असल्याचे डॉक्टरांचे मत आहे. न काढल्यास जीवितास धोका आहे. काल आपण नकार दिला आहे. फेरविचार व्हावा, ही विनंती." वहिनींचा श्वास घरघरत होता. भाऊसाहेब वाट बघत उभे राहिले. खरंच वाट बघत. मला तिथे रडूही येईना आणि ओरडताही येईना.

"भाऊसाहेब," मी म्हटलं, "त्या जातील."

"जाईल?" त्यांनी लहान मुलासारखं विचारलं.

"हो."

"पण तिने नको सांगितलंय, पोरी. मला समोर सांगितलंय. उठली आणि पाय नाही दिसला तर मी काय सांगू?"

 मी म्हटलं, "उठल्या तर विचारतील ना. न उठल्या तर कोण विचारणार?"

ते कागद घेऊन खिडकीपाशी गेले. भिंतीवर कागद दाबून धरला आणि उजवीकडे पूर्ण सही केली. एकेक अक्षर, काना, मात्रा, सगळं. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काम करून मी त्यांचं पूर्ण नाव त्यांच्या अक्षरात तेव्हा पहिल्यांदा वाचलं. सही झाल्यावर ते पेन बंद करायला विसरले आणि बुशशर्टवर आणखी एक डाग पडला.

वहिनी वाचल्या. पूर्ण शुद्धीवर यायला काही दिवस गेले. त्या दिवसांत भाऊसाहेब काही खात नव्हते. कधी म्हणायचे बरोबर केलं, कधी म्हणायचे मी तिचा पाय चोरला. रिक्षात बसले की आपलाच डावा पाय चाचपून बघायचे. मी त्यांची समजूत घालायचे आणि माझीच समजूत पटायची नाही. वहिनींचा शब्द मोडला होता, ही गोष्ट खोटी नव्हती.

ज्या दिवशी वहिनींना कळलं त्या दिवशी मी तिथेच होते. नर्स चादर बदलत होती. वहिनींनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही. नर्स गेली. मग त्यांनी भाऊसाहेबांकडे मान वळवली.

"कोनाला इचारलंव?"

भाऊसाहेब उभे होते. ओठ हलले. मला वाटलं आता डॉक्टरचं मत येणार, भावाचा फोन येणार, सगळे मुद्दे क्रमाने येणार.

"कोनालाच नाय," ते म्हणाले. "मीच."

वहिनींनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग उघडले. त्या नजरेत राग होता, हे मी शपथेवर सांगेन. पण नुसता राग नव्हता, आणि बाकीचं काय होतं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. अगदी बारीक आवाजात त्या म्हणाल्या,

"येवरी वर्सं कुटं व्हतात?"

 सवयीने भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले.